पेशंट कोण?

"पैसे देतो गं, पण पेशंट कोण?" बारामतीहून मामांचा पहिलाच प्रश्न. मी म्हटलं, "पेशंट नाहीये मामा, रिसर्चसाठी आहे." पलीकडे एकदम सायलेन्स!

पप्पांना जाऊन वर्ष होत आलं होतं. अ‍ॅक्यूट ल्युकेमिया. निदानापासून जेमतेम चार महिने मिळाले. वर्षश्राद्धाला पंगत तर होणारच होती, पण मला आणखी काहीतरी करायचं होतं. पप्पा दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती ते काटेवाडी चालायचे, मेंढ्यांचं रिंगण बघून एसटीने परत. म्हटलं, तोच रस्ता आपण चालू आणि ब्लड कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवू.

पुण्यातल्या मित्रमैत्रिणींनी पटापट पैसे पाठवले. अडलं ते गावाकडे. पण त्यांचं तरी काय चुकलं? आमच्या बारामतीत लता करे साडी नेसून, अनवाणी मॅरेथॉन धावल्या, त्या आजारी नवऱ्याच्या तपासण्यांसाठी. २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात स्वतःची भूमिकाही त्यांनीच केली. तिथे पेशंट डोळ्यांसमोर होता. माझ्याकडे कोण होतं?

मग मामांना सांगितलं, मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियानेच गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने ट्रस्ट निघाला, तो या आजारावरच्या संशोधनाला पैसे देतो. २००१ मध्ये इमॅटिनिब नावाची गोळी आली. ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारात ती रोज घेऊन लोक वर्षानुवर्षं नोकरी-संसार करतात. पप्पांचा प्रकार वेगळा होता. त्यांच्यासाठी तशी गोळी नव्हती.

"म्हणजे दाजींना याचा उपयोग नाही," मामा म्हणाले.

"नाही."

हा एक शब्द बोलताना घसा दाटून आला. चालून पप्पा परत येणार नव्हते, हे मलाही तेव्हाच नीट कळलं असावं.

रविवारी पहाटे आम्ही अकरा जण निघालो. आईने पप्पांची टोपी पिशवीत घेतली होती. उन्हं चढायच्या आत काटेवाडीत पोचलो, तर मामा मोटारसायकल लावून चहाच्या टपरीवर हजर! त्यांनी खिशातून पाकीट काढलं, आहेराला देतात तसं, वर एक रुपया लावलेलं.

"तुझा तो पेशंट सापडला की सांग त्याला," ते म्हणाले, "दाजींकडून आलेत म्हणून."