बिट्टन मार्केटमध्ये भेटलेला शब्द

भोपाळला गेलं की बिट्टन मार्केटचा हाट चुकवायचा नाही, असा माझा शिरस्ता आहे. गेल्या डिसेंबरात मावशीकडे गेले होते. हाटाच्या दिवशी संध्याकाळी ताई, म्हणजे माझी मावसबहीण, भाजीला निघाली. मीही चपला घातल्या. हिरव्या मटाराचे ढीग, मेथीच्या जुड्या, शिंगाडे आणि सगळीकडून एकच हाक, "ले लो दीदी, ताजा है!"

एका भाजीवालीची नजर मात्र ताईच्या पिशवीवर खिळली होती. जाळीसारखी विणलेली, रंगीत, पट्टा चांगलाच लांब. "ये कहाँ की है, दीदी?"

ताई हसली. पट्टा कपाळावर अडकवून पिशवी पाठीवर सोडली आणि म्हणाली, "जिथली आहे, तिथे ती अशी घेतात. कधीकधी बाळालासुद्धा हिच्यातच निजवतात." भाजीवालीने आपल्या सुनेला बोलावून ते दाखवलं.

ही पिशवी पापुआ न्यू गिनीची. तिला तिथे बिलूम म्हणतात. शाळेतली पक्की नोकरी सोडून ताई २०१० मध्ये दोन वर्षांसाठी स्वयंसेवक म्हणून तिकडच्या न्यू ब्रिटन बेटावर गेली होती. कोकोपो गावाजवळ होतकरू शिक्षकांना विज्ञान शिकवायचं, राहायला एक खोली आणि हातात जेमतेम खर्चापुरते पैसे. १९९४ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली शेजारचं राबाउल शहर गाडलं गेलं, तेव्हापासून कोकोपोच त्या भागाचं मुख्य ठिकाण झालं आहे.

मावशी तेव्हा फार संतापली होती. तिचे सासरे नागपूरच्या सचिवालयात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं आणि कचेरीबरोबर त्यांचाही संसार इकडे आला. त्याच दिवशी आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. नव्या मुलखात परकं असणं म्हणजे काय, हे मावशीच्या सासरी सगळ्यांना पाठ होतं. म्हणून तिचा एकच प्रश्न होता, "तिथं तुझं कोण आहे?"

ताईकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मटार निवडता निवडता तिने ते मला सांगितलं.

"तिथला बाजारही असाच गं. रताळी, नारळ, केळी. विड्याचं वेड तर आपल्यापेक्षा जास्त. सुपारी, चुना आणि पानाऐवजी एका वेलीच्या शेंगा. तिथल्या तोलाई लोकांत शिंपल्यांच्या माळांचं चलन आहे. लग्नात, मयताच्या विधीत ते लागतंच. आपल्या आजीच्या तोंडच्या कवड्या आठवायच्या मला. पण बोलायचं कुणाशी? त्या एका देशात आठशेहून जास्त भाषा!"

एवढ्या भाषांना जोडणारी बाजाराची बोली म्हणजे टोक पिसिन. रताळी विकणाऱ्या एका बाईकडून ताई रोज दोनचार शब्द शिकायची. दुसऱ्याच महिन्यात तिला मलेरिया झाला. तीन दिवस ती बाजारात दिसली नाही, तेव्हा ती बाई विचारत विचारत खोलीवर आली आणि तिला दवाखान्यात घेऊन गेली. नर्सने विचारलं, ही तुझी कोण? बाई म्हणाली, "वांटोक बिलोंग मी." माझी वांटोक.

वांटोक म्हणजे 'वन टॉक', एक बोली असलेला, आपल्या भाषेचा माणूस. त्याला जेवू घालायचं, अडीनडीला त्याच्यामागे उभं राहायचं, ही तिथली रीत. याच शब्दाच्या आडून नोकऱ्या आणि ठेके आपल्याच माणसांना मिळतात, अशी तक्रारही तिथे ऐकू येते. म्हणजे शब्द काही साधाभोळा नाही. पण त्या बाईने तो तीस शब्द येणाऱ्या परदेशी मुलीला लावला.

"मी शिकवायला गेले होते," ताई म्हणाली, "पण त्या रात्री उशाशी बसून मला नारळपाणी पाजणारी तीच. मग सांग, सेवा कुणी कुणाची केली?"

मला आमचं घर आठवलं. आमच्याकडे देवघरात मराठी, स्वयंपाकघरात कन्नड. सासूबाई 'नम्म मंदी' म्हणतात, मी 'आपली माणसं' म्हणते. अर्थ एकच. तरी एस.टी.त शेजारी कुणी बसलं की तो आपला की त्यांचा, हे त्याच्या बोलण्यावरून आपण आधी ताडतो. मीही ताडते, खोटं कशाला बोलू!

निघताना भाजीवालीने कोथिंबिरीची एक जुडी वर टाकली. ताई पैसे द्यायला लागली, तर म्हणाली, "रहने दो दीदी, इतना किस्सा सुनाया."

घरी आलो तेव्हा मावशी दारातच होती. भाजी तिने ताटात ओतून घेतली आणि बिलूम झटकून, घडी घालून स्वतःच्या कपाटात ठेवला. "तो कुणाला धुवायलासुद्धा देत नाही ती," ताई हळूच म्हणाली.