माजघरातली फरशी

आधी रंग, मग फरशी, मग सामान, हा क्रम आम्हालाही ठाऊक होता. पण पुण्यातल्या भाड्याच्या घराची मुदत मार्चअखेर संपली आणि यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम महिना झालेला असताना आम्ही सगळं बिऱ्हाड घेऊन सोलापुरात, बाळीवेशीजवळच्या माझ्या माहेरच्या घरात येऊन पडलो. भावाने आपला हिस्सा सोडला होता. घर माझ्या नावावर झालं होतं. फरशी जुनीच चालेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी यांच्या वॉकरचा पाय माजघरातल्या दोन फरश्यांच्या फटीत अडकला. दाराची चौकट हाती लागली म्हणून पडले नाहीत. त्याच संध्याकाळी मी गवंड्याला निरोप धाडला.

राहत्या घरात काम काढलं की घराला खोल्या उरत नाहीत. पलंग आज या भिंतीशी, उद्या त्या. गॅस पडवीत, देव कपाटावर, पिठाच्या डब्यावर ओला टॉवेल. आमच्या भागात नळाला चार दिवसांनी पाणी. त्यात नव्या फरशीखालचा माल भिजवायचा की पिण्याचं साठवायचं, यावर रोज बोलणं व्हायचं. हे सगळं सोसता येतं. मला जड गेली ती खरवड.

रंगाऱ्याने पहिल्याच दिवशी भिंतीवर नख ओढून दाखवलं. "काकू, चुन्यावर हा रंग धरत नाही बघा. सहा महिन्यांत पापुद्रे सुटतील. सगळं खरवडायला लागतंय." आणि दोन पोरं पत्रे घेऊन भिंतीला भिडली. पांढरा थर, त्याखाली निळसर, त्याखाली पुन्हा पांढरा. माझ्या लहानपणी यातला प्रत्येक थर आत्याने दिलेला. दिवाळीआधी परसात अर्ध्या कापलेल्या पिंपात ती चुनकळी टाकायची आणि पाणी ओतायची. जाळ नसताना पिंप खदखदायला लागायचं, आम्ही लांब पळायचो. दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चुना गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ. केकताडाचा कुंचा. दोन दिवस ती शिडीवर. चुन्याने बोटांना चिरा पडायच्या आणि रात्री ती त्यात करडईचं तेल जिरवत बसायची. सुट्टी घेऊन हे करायची, कारण आत्या मिलमध्ये वायंडिंग खात्यात होती.

ती विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. मी कळती झाले तेव्हा तिची पत्र्याची ट्रंक जिन्याखाली असायची आणि अंथरूण माजघरात, भुईवर. घरात पाच खोल्या होत्या. तिची एकही नव्हती.

माजघरातली ती जुनी फरशी शहाबादी. शहाबाद इथून फार दूर नाही. रेल्वेने कलबुर्गी गेलं की पुढे, वाडी जंक्शनच्या अलीकडे. तिथला हा चुनखडक खाणीत थराथराने सुटतो, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. चुनाही चुनखडीच भाजून होतो. म्हणजे आमच्या घरात पायाखाली आणि भिंतीवर एकाच जातीचा दगड होता. हे मला या वेळी, खरवडीचा ढीग फरशीवर पडलेला बघताना पहिल्यांदा सुचलं.

पहिली पाळी सुटली की चारच्या सुमाराला आत्या यायची. मे महिन्यात सोलापूर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर तापलेलं असतं. बाहेरचा रस्ता पांढरा दिसायचा. ती परसात पाय धुवायची, केसांतला कापूस झटकायची, मग तांब्याभर पाणी माजघरात ओतून तळहाताने सगळीकडे पसरायची आणि त्या ओल्या फरशीवर काही न अंथरता कुशीवर आडवी व्हायची. गाल दगडाला लावून. मी शेजारी तशीच. आधी अंगावर काटा यायचा, मग गार वाटायचं, मग पाणी उडून जायचं आणि तरी दगड गारच राहायचा. त्या तासाभरात तिच्याशी कुणी बोलायचं नाही, कामही सांगायचं नाही. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता. उठायची तेव्हा गालावर फरशीच्या खवल्यांची नक्षी उमटलेली असायची.

एकदा तशीच पडल्या पडल्या ती बोटाने दाखवत मला म्हणाली, "चुलीकडच्या तीन ओळी दोन वर्षांच्या बोनसच्या. मधल्या भिशीच्या. आणि दाराजवळच्या दोन माझ्या कुड्यांच्या." नवरा गेल्यावर कुड्या काढून ट्रंकेत ठेवल्या होत्या, त्या तिने मोडल्या. त्याआधी माजघर मातीचं होतं, आठवड्याला सारवावं लागायचं आणि तेही तीच सारवायची.

पाहुणे आले की वडील पायाने फरशी ठोकून सांगत, "अस्सल शहाबादी. मी घालून घेतली." आत्या तेव्हा चहाचे कप घेऊन त्याच फरशीवर उभी असायची. ती काही बोलली नाही. मला खरं माहीत होतं आणि मीही बोलले नाही. दहा वर्षांची होते तेव्हा नाही, आणि तीस वर्षांची होऊन माहेरपणाला आले तेव्हाही नाही. वडील वाईट नव्हते. त्यांना ते खरंच आपलं वाटत असावं. मला मात्र अजून ते सोसवत नाही.

फरशी निघाली त्या दिवशी मी पडवीत खुर्ची टाकून बसले. पहारीने एकेक लादी उचकटली. खाली खचलेली माती, मुंग्यांची घरं, एक कुजकी सुतळी. दाराजवळच्या दोन ओळी हात लावताच दुभंगल्या. बाकीच्या फरश्या गवंडी कुणाच्या तरी गोठ्यासाठी टेंपोत घालून घेऊन गेला. नेऊ दिल्या. गुरांना तरी गार लागतील.

आता माजघरात मोरबीच्या टाइल्स आहेत, मातकट रंगाच्या. फट नाही, वॉकर सुरळीत चालतो, हे निर्धास्त आहेत. या टाइल अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाहीत. परवा चार वाजता मी तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. ते तसंच वर उभं राहिलं. हे घसरतील म्हणून लगेच पुसून घेतलं.

घराच्या उताऱ्यावर आत्याचं नाव कधीच नव्हतं. फरशी होती, तीही गेली. म्हणून इथे लिहून ठेवते. बाळीवेशीजवळच्या आमच्या घरातली माजघराची फरशी 1968 साली माझ्या आत्याने घातली. स्वतःच्या बोनसमधून, भिशीतून आणि कुड्या मोडून. वडिलांनी नाही.