कडुनिंबाच्या चकत्या

बार्शीतील आमच्या आडत दुकानामागे जे अंगण आहे, त्याच्या कोपऱ्यात गेल्या माघापर्यंत एक कडुनिंब उभा होता. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, तो लावला तेव्हा त्यांचे लग्नही व्हायचे होते. आज त्यांचे वय ८६ आहे. उन्हाळ्यात हमाल त्याच्या सावलीत जेवत, मापाडी तेथेच तंबाखू मळत, आणि एके काळी तर सौदेही तेथेच होत. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची ती जुनी पद्धत मी लग्न होऊन आले तेव्हा शेवटची पाहिली, ती याच झाडाखाली.

परंतु झाड बुंध्याशी पोखरले होते. वाळवीने आतून पोकळ केलेला तो बुंधा दरवर्षी थोडा थोडा गोदामाच्या भिंतीकडे कलत होता. भिंतीला तडा गेला, आणि मागच्या पावसाळ्यात त्या तड्यातून पाणी शिरून तुरीची अकरा पोती भिजली. यजमान आणि दीर यांनी झाड काढण्याचे ठरविले. मला विचारले, मी म्हटले, "काढून टाका." शहरातील झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी घ्यावी लागते, ती रीतसर घेतली. इतके सगळे केले, पण बाबूजींना कोणी विचारले नाही. करवतीचा आवाज त्यांनी माडीवरच्या खोलीत ऐकला. त्या दिवशी ते पेढीवर उतरले नाहीत, आणि पुढेही उतरेनासे झाले. कोणाला एका शब्दाने बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरे झाले असते, असे मला अनेकदा वाटले.

बुंधा आणि मोठ्या फांद्या टेम्पोतून गेल्या. मांडीएवढी जाड एक फांदी मात्र मी ठेवून घेतली. का, ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते. माझ्या भाचीच्या घरी लाकडाच्या गोल चकत्यांवर रंगकाम करून केलेल्या नावाच्या पाट्या पाहिल्या होत्या. तसे काही करीन, असे मी सर्वांना सांगितले. आरागिरणीतून एक एक इंच जाडीच्या सतरा चकत्या कापून आणल्या. साल शाबूत होती. थंडीत, झाडाचा रस चढण्याआधी कापलेल्या लाकडाची साल सहसा सुटत नाही, असे आमचे सुतार म्हणाले, आणि ते खरे ठरले. कापलेल्या चकतीचा तो ताजा रंग आणि कडवट वास अजून आठवतो. नातवाने मधोमध बोट ठेवून वर्षे मोजायला घेतली, पण वलये एकमेकांत मिसळत होती. तो हिरमुसला. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत वलये स्पष्ट उमटत नाहीत. सागाची गोष्ट निराळी; त्याची वलये इतकी नेमकी असतात की पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्यांवरून पूर्वीच्या काळातील पावसाचा अभ्यास केला आहे.

मग मी पहिली चूक केली. पापड वाळवावेत तशा त्या सतराही चकत्या गच्चीवर उन्हात मांडल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी वर गेले तो 'टच्' असा बारीक आवाज ऐकू आला. पाहते तो सालीपासून थेट गाभ्यापर्यंत फट. संध्याकाळपर्यंत चौदा चकत्या तडकल्या. त्या टोपलीत घालून मी स्वयंपाकघरात आणून ठेवल्या. बाबूजी सूर्यास्तापूर्वी जेवायला आले, त्यांनी टोपलीकडे पाहिले. एक चकती उचलून फटीत नख घालून पाहिले आणि कित्येक दिवसांनी माझ्याशी बोलले.

"बीनणी, उन्हात ठेवल्यास?"

"हो."

"ज्वारी उन्हात वाळते, कारण तिचा दाणा सुटा असतो. आकसला तर एकटाच आकसतो. हे सुटं नाही."

साठ वर्षे धान्याचा ओलावा दाताखाली दाणा फोडून ओळखणाऱ्या माणसाने एका वाक्यात जे सांगितले, ते मी पुढे पुस्तकात वाचले तेव्हा एवढेच लांबवून लिहिलेले होते. ओल्या लाकडातील मोकळे पाणी निघून जाते तोवर लाकूड आकसत नाही. ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरला की पेशींच्या भिंतीतले पाणी निघू लागते, आणि तेव्हापासून आकसणे सुरू होते. हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते. वर्तुळाच्या परिघाच्या दिशेने ते गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणजे चकतीचा घेर लहान होऊ पाहतो आणि आतला भाग त्याला तितका लहान होऊ देत नाही. ही ओढाताण कुठेतरी सुटावी लागते, ती तड्याने सुटते. त्यातही आडव्या कापाच्या तोंडातून पाणी फार वेगाने उडते; उन्हात तर कडा सुकून आवळतात आणि गाभा ओलाच राहतो.

फांदीचे दोन हात लांबीचे टोक शिल्लक होते. त्याच्या आणखी बारा चकत्या केल्या. त्यातल्या सहा सुताराच्या सांगण्यावरून तिरक्या कापल्या, म्हणून त्या लंबगोल आल्या. या वेळी मांडणी बाबूजींनी सांगितली. गोदामातल्या थंड कोपऱ्यात, जमिनीपासून वर फळीवर, दोन चकत्यांच्या मध्ये बारीक काड्या, म्हणजे हवा खेळेल, आणि वरून जुने कोरडे बारदान, म्हणजे वारा थेट लागणार नाही. रोज सकाळी चकत्या उलटायच्या. आणि रोज वजन करायचे.

वजनाची कल्पना त्यांचीच. पेढीवरचा लहान काटा त्यांनी मागवून घेतला आणि एक कोरी वही काढली. प्रत्येक चकतीला पेन्सिलीने क्रमांक, वहीत प्रत्येकीचे खाते. पहिल्या दिवशी चार नंबरची चकती ३७२ ग्रॅम भरली. आठवड्याने ३४६. मग ३२५. वजन उतरते आहे तोवर पाणी निघते आहे; उतरायचे थांबले की लाकूड वाळले, दुसरी परीक्षा नको. धान्याचा व्यापार केलेल्या घराला हे समजायला वेळ लागत नाही. मात्र चकत्या गोदामात होत्या, त्यामुळे वजन करायला बाबूजींना जिना उतरून यावे लागे. पहिले काही दिवस ते मागच्या दाराने यायचे, वजने लिहायचे आणि मागच्या दारानेच परत जायचे.

दुसऱ्या खेपेला बारापैकी दोनच तडकल्या, आणि त्या दोन्ही सरळ कापलेल्या होत्या. तीन चकत्यांच्या सालीखाली बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला. अशा वेळी चकत्या भट्टीत तापवाव्यात किंवा उकळत्या पाण्यात बुडवाव्यात, म्हणजे कीड मरते, असा उपाय सर्रास सांगितला जातो. आमच्या घरात तो कोणी सुचविलाही नाही. त्या तीन चकत्या मी शेतावरच्या बांधाला, सावलीत, पालापाचोळ्यात ठेवून आले. राहिल्या सात.

खरी अडचण पुढे आली. सजावटीच्या साहित्याची यादी घेऊन मी बसले आणि एकेक नाव खोडत गेले. लाकडाला चमक आणायला सुतार जे फ्रेंच पॉलिश वापरतात, ते चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात, आणि लाख म्हणजे फांद्यांवर दाटीने बसणाऱ्या एका बारीक किड्याचा स्राव. ती खरवडताना त्यात किती जीव असतात, याची गणती नाही. श्रावकाने न करावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य का घातले आहे, हे मला पाठ होते, पण समजले ते त्या दिवशी. गंमत अशी, की त्याच यादीत वनकर्मही आहे. ते नाव मनात आले तेव्हा मी यादी बाजूला ठेवली आणि बराच वेळ तशीच बसले.

मधमाश्यांच्या मेणाचा प्रश्नच नव्हता. जुन्या सुतारांचा सरस जनावरांच्या कातडी-हाडांचा, म्हणून त्याऐवजी कृत्रिम पांढरा गोंद. कुंचले केसांचे नकोत, नायलॉनचे आणले. रंग ॲक्रिलिकचे. आणि चमकेसाठी शेवटी जवसाचे तेल. पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, मग २२०; नाकाला फडके बांधूनच घासावे, कडुनिंबाचा भुसा घशात चांगलाच खवखवतो. तेल पातळ हाताने लावून अर्ध्या तासाने पुसून घ्यायचे, दोन-तीन दिवस वाळू द्यायचे, पुन्हा लावायचे. गोदामे असलेल्या भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगते. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून टाकू नये. ते तेल हवेने वाळताना उष्णता सोडते, आणि बोळा केलेले फडके काडी न लावताही पेट घेऊ शकते. बारदानाच्या शेजारी तर कधीच नको. फडके पाण्यात बुडवून मगच टाकावे, किंवा उघड्यावर दोरीवर पसरून वाळू द्यावे.

चकत्यांवर काय काढायचे, हे मी ठरविले नव्हते. वेलबुट्टी काढून पाहिली, ती लाकडाच्या रेषांपुढे उगीच वाटली. एके सकाळी वही उघडली तर बाबूजींनी प्रत्येक खात्याच्या माथ्यावर नातवंडांची नावे महाजनी लिपीत लिहून ठेवली होती. ही आपल्या पूर्वजांची चोपड्यांची लिपी, काना-मात्रा नसलेली. 'काकाजी अजमेर गये' असे लिहिले आणि घरच्यांनी 'काकाजी आज मर गये' वाचून रडारड केली, हा विनोद आपल्या प्रत्येक घरात सांगितला जातो, पण ती लिपी लिहू शकणारे हात आता किती उरले? मी चकत्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी थरथरत्या हाताने पेन्सिलीने नावे लिहिली, मी त्यांवर गडद तपकिरी रंग भरला. अक्षर वाकडे आले तेथे ते वाकडेच ठेवले. सात चकत्या, सहा नातवंडे.

ज्येष्ठातली गोष्ट. शेवटची चकती उरली होती, चार नंबरची. तिचे वजन पाच दिवस हलले नव्हते. बाबूजी ती काट्यावर ठेवत होते. मी म्हटले, "बाबूजी, झाड काढायला मीही हो म्हटलं होतं."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे. जिन्यातून सगळं ऐकू येतं."

काटा स्थिर होईपर्यंत ते थांबले.

"भिंत माझी, तूर माझी. मला विचारलं असतंत तर मीही काढा म्हणालो असतो." मग थोड्या वेळाने, "विचारलं नाहीत."

मला काही बोलता आले नाही.

"लिही," ते म्हणाले, "२४१."

सहा चकत्या सहा घरी पोचल्या. एक पुण्याला गेली, एक थेट दुबईला. पहिल्या खेपेच्या तडकलेल्या चकत्या मुलांनी हवे ते रंग देऊन संपविल्या. एक यजमानांच्या गादीवर बिलांवर दाब म्हणून आहे. गोदामाच्या भिंतीच्या दुरुस्तीचा अंदाज आला, तेव्हा तो कागद घेऊन यजमान आधी माडीवर गेले. आता बाबूजी सकाळी तासभर पुढच्या दाराने पेढीवर येतात.

चार नंबरच्या चकतीवर त्यांनी काही लिहू दिले नाही. तेलही लावू दिले नाही. ती काट्याशेजारीच असते. श्रावणात एकदा त्यांनी ती पुन्हा काट्यावर ठेवली, तर २४८ भरली. मी घाबरले, म्हटले, "चुकून भिजली का?"

"भिजली नाही. हवेतलं पाणी घेते. पावसाळ्यात गहूही वजन देतो, हे तुला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नाही?" त्यांनी वहीत तारीख घातली. "दिवाळीनंतर उतरेल."

कार्तिकात पुन्हा मोजायची आहे.