आधी थांबायला शिका

राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आकुर्डीतून बाहेर पडली. पुढे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, हा पुण्यातल्या घराघरांतला अनुभव. आमचीही तशीच आली. बाबा ती सुरू करायचे तो एक सोहळाच असे. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, गाडी जरा कलती करायची आणि मग किकवर किक. क्लच आणि गिअर डाव्या मुठीत, मागचा ब्रेक उजव्या पायाखाली. नवशिक्यानं क्लच घाईनं सोडला की गाडी आचका देऊन बंद! वैताग यायचा, पण त्या बंद पडण्यानंच माणूस सावकाशीला लागायचा.

१९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि किक, क्लच, गिअर सगळंच गेलं. बटण दाबा, निघा. पुण्यातल्या बायका खऱ्या अर्थानं स्वतःच्या गाडीवर बसल्या त्या तेव्हापासून, असं माझं ठाम मत आहे. मी कॉलेजला त्याच गाडीवरून जायचे. आता २०२० पासूनची विजेवरची चेतक तर आवाजही करत नाही. चालू आहे की बंद, हे नवख्याला कळतच नाही.

सोय वाढली, तशी एक धास्तीही. बिनगिअरच्या गाडीवर माणूस दचकला की ॲक्सिलरेटरची मूठ आवळतो, आवळताना ती पिळली जाते आणि थांबायच्या वेळी गाडी उसळी घेते. म्हणून पुतणीला शिकवताना मी आधी गाडी बंदच ठेवली. मेन स्टँडवर चढव, उतरव, हातानं ढकलत फिरव. मग मैदानातल्या हलक्या उतारावर नुसती घरंगळू दे आणि ब्रेक लाव. ती कुरकुरली, "काकू, चालवायची कधी?" थांबता आल्यावर.

ब्रेक दाबला की भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे खरी पकड पुढच्या ब्रेकची. मात्र वाळूत किंवा वळणात तोच एकदम दाबला, तर चाक निसटतं. वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक लावून कमी करावा. स्कूटरची चाकं लहान, खड्डा लगेच जाणवतो. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, त्या दिवशी नवशिक्यानं पीएमपीच्या बसनं जावं. हेल्मेट आयएसआयचं हवं आणि पट्टा लावलेला हवा. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या माझ्या शहराला हे सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

दहावीच्या निकालावर स्कूटरची किल्ली देणाऱ्या आईबापांना एक विनंती. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या दारातली पेट्रोलची स्कूटर बहुधा शंभर सीसीच्या वरची असते, तिला अठरा वर्षं पूर्ण लागतात. ती किल्ली दोन वर्षं कपाटात ठेवा. तोवर सायकल द्या.