मुक्कामाचे गणित

सहकुटुंब सहलीला निघायचे ठरले की आपण आधी काय काय पाहायचे याची यादी करतो. खर्चाचा अंदाज बांधतो, रजा मोजतो. रात्री झोपायचे कुठे, हा प्रश्न मात्र शेवटी ठेवतो. 'मिळेल तिथे पडू' असे म्हणून मोकळे होतो. एकट्या-दुकट्या तरुणाला हे चालून जाते. गाडीत सत्तरी ओलांडलेली आई आणि सहा वर्षांचा मुलगा असेल तर चालत नाही. हा धडा मी गेल्या हिवाळ्यात शिकलो. वाचकांपैकी कुणी अशा प्रवासाचा विचार करीत असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून तो येथे मांडतो.

मी नागपूरचा. हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीने काम करतो. आमच्या शहराच्या भोवती तीन राष्ट्रीय उद्याने आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. गोंदिया जिल्ह्यातले नवेगाव आणि उत्तरेला मध्य प्रदेशाच्या सीमेवरचे पेंच ही दोन्ही १९७५ सालची. लांबलांबहून माणसे विमानाने येऊन ही जंगले पाहून जातात, आणि आमच्या घरात मात्र कुणी एकही पाहिले नव्हते. आठवीतल्या मुलीने हे बोलून दाखवले तेव्हा मनाला लागले. चार दिवसांची रजा आणि एक साप्ताहिक सुटी असे पाच दिवस जुळवले. ओळखीच्या एका भाऊंची गाडी ड्रायव्हरसह भाड्याने ठरवली.

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी बेत लिहून काढला. पहिल्या दिवशी नागपूरहून वरोरा, भद्रावती, चंद्रपूर करीत ताडोबाचे मोहर्ली गाठायचे. दुसऱ्या दिवशी दुपारची सफारी. ती संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते. मग लगेच निघून मूल, सिंदेवाही, नागभीड मार्गे रात्रीच ब्रह्मपुरी गाठायची. तिसऱ्या दिवशी नवेगाव, चौथ्या दिवशी भंडाऱ्यावरून रामटेक, पाचव्या दिवशी पेंच पाहून घरी. पाच दिवसांत तीन राष्ट्रीय उद्याने! मोहर्लीच्या दुसऱ्या रात्रीचे भाडे वाचवले याचे मला मोठे कौतुक वाटत होते.

आईने तो कागद हातात घेतला आणि एवढेच विचारले, "सिंदेवाहीवरूनच जातो म्हणतोस, तं मामाकडे जाशीन का?"

आईचे माहेर सिंदेवाही तालुक्यात, जंगलाच्या काठावरचे. "परत कधी जाऊ," मी म्हणालो. "रात्रीच्या वेळी तिथे उतरून काय करायचे?" आई काही बोलली नाही.

पहिला दिवस ठरल्याप्रमाणे गेला. भद्रावतीला विजासन लेणी आहेत. डोंगरात कोरलेल्या त्या बुद्धमूर्तींना वंदन झाले, मुलांचे पायही मोकळे झाले. चंद्रपुरात जेवून अंधार पडायच्या आत आम्ही मोहर्लीला पोहोचलो. चंद्रपुरात खोली स्वस्त मिळाली असती, मोहर्लीपासून ते तीसेक किलोमीटरवर आहे. पण ज्यांची सफारी सकाळची आहे त्यांनी हा हिशेब नीट करावा. डिसेंबरच्या थंडीत लेकरांना पहाटे चारला उठवून काढायचे म्हणजे पैसे वाचतात आणि मुले आजारी पडतात.

रात्री जेवताना ड्रायव्हरभाऊंनी माझा कागद पहिल्यांदाच नीट पाहिला. म्हणाले, "भाऊ, तुमचं हे कागदावर बरोबर आहे. पण चंद्रपूर सोडलं की मूलपर्यंत जंगल आहे. रात्री त्या रस्त्यानं मी लेकरं घेऊन जात नाही. वाघाचं सोडा, अंधारात रानडुक्कर आडवं आलं तरी गाडी उलटते."

मला राग आला. पैसे मी देतो आणि हे मला शिकवतात, असे मनात आले. मग सौ. हळूच म्हणाली, "अहो, दिवसभर गाडी त्यांनीच चालवली. तुम्ही पाळी करून आल्यावर तुम्हाला कुणी दुसऱ्या पाळीला उभं केलं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. घरमालकाला विचारून तीच खोली दुसऱ्या रात्रीसाठीही ठेवून घेतली. ड्रायव्हरभाऊंची झोपायची सोय ओसरीवर होती. तिथे गादी आणि दोन ब्लँकेटे मागून घेतली. हे पहिल्याच रात्री मला सुचायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सफारी झाली. चितळांचे कळप दिसले, सांबर दिसले, तळ्याकाठी मगर दिसली. एक रानगवा रस्त्याच्या कडेला एवढा शांत उभा होता की मुलगा श्वास रोखून पाहत राहिला. वाघ काही दिसला नाही. परत येताना मुलगा रुसून बसला. आई त्याला जवळ घेऊन हसत मला म्हणाली, "काहून रे बाबू, वाघ पाहाले एवढे पैसे द्याव लागते? आमी तेंदूपत्ता तोडाले जाऊ तं वाघ दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून राहो."

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर आल्यावर निघालो. चंद्रपूर ते मूल रस्ता दिवसा पाहिला तेव्हा ड्रायव्हरभाऊंचे म्हणणे पटले. दोन्ही बाजूंना दाट झाडी आणि वाटेत वन्यप्राण्यांपासून सावध करणाऱ्या पाट्या. मूलच्या पुढे धानाचा मुलूख लागतो. धान निघाला होता, बांध्यांमध्ये लाखोळी हिरवी दिसत होती. दुपारच्या आत आम्ही सिंदेवाहीच्या जवळ आलो. रात्रीचा प्रवास टळल्यामुळे मामाचे गाव आपोआपच दिवसाउजेडी वाटेवर आले होते.

"चहा घेऊन निघू," मी म्हणालो. नवेगाव अजून शंभर-सव्वाशे किलोमीटर होते.

मामा पंच्याहत्तरीला आलेले. आईला पाहून ते क्षणभर काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाई, आता आलीस तं आजची रात राहून जाय." आईने माझ्याकडे पाहिले. मी घड्याळाकडे पाहिले. सौ.ने आमच्या दोघांकडे पाहिले आणि गाडीतून पिशव्या काढायला सुरुवात केली.

माझ्या कागदावर नसलेला हा मुक्काम सगळ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा ठरला. मामींनी पोपटाच्या शेंगांची भाजी आणि भात केला. मुले दुपारभर मामाआजोबांच्या मागे शेतात फिरली. बांधावरच्या चिखलात वाळलेला एक ठसा मामांनी दाखवला. आदल्या आठवड्यात वाघ तेथून गेला होता. मुलगा आनंदाने ओरडला, "आजी, इथे तर फुकट आहे!"

मामा हसले नाहीत. संध्याकाळ होताच सगळे गाव आत गेले. पूर्वी रानडुकरे हाकलायला मामा एकटे रात्रभर शेतात जागलीला जात. आता चार-पाच जण मिळून जातात, कधी जातच नाहीत, पीक गेले तर जाऊ देतात. उन्हाळ्यात मोहफुले वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला बायका पहाटेच जंगलात शिरतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही या भागात ताडोबाच्या बाहेरच्या जंगलातही वाघ पुष्कळ आहेत, आणि असे वाकून काम करणाऱ्या माणसांवर हल्ले होतात. तरी मजुरी सोडता येत नाही. "घरात संडास झाला हे लय बरं झालं," मामी म्हणाल्या. "नाहीतर रातच्याला बायांचे हाल होते."

रात्री आई आणि मामा चुलीजवळ उशिरापर्यंत बोलत बसले होते. मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, आपण वाघ दिसला नाही म्हणून रुसलो. इथे तर वाघ दिसू नये म्हणून लोक घरात बसतात." दोन जंगलांच्या मधली ती रात्र मी वाचवायला निघालो होतो. ती वाचवली असती तर जंगलाची ही दुसरी बाजू माझ्या मुलांना कधीच दिसली नसती.

चौथ्या दिवशी नागभीड, ब्रह्मपुरी आणि पुढे वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा. रस्त्याला जागोजागी झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरे लागलेली, कारण हिवाळा हा त्यांचा हंगाम. अर्जुनी मोरगाववरून दुपारी नवेगावबांधला पोहोचलो. तेथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला असे सांगतात. भंडारा-गोंदिया भागातली अनेक जुनी तळी कोहळी समाजाच्या हातची आहेत. हिवाळ्यात या तलावावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. याच जंगलात वनाधिकारी म्हणून राहून मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला आणि मराठीत लिहिला. २०२५ साली ते गेले. आई तलावाच्या काठी तासभर नुसती बसून होती. गुडघे दुखतात असे त्या दिवशी एकदाही म्हणाली नाही.

पाचव्या दिवशी साकोली, भंडारा करीत घरी आलो. पेंच राहिले. खरे तर ते या फेरीत घालण्याची गरजच नव्हती. पेंचचे सिल्लारी नागपूरहून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, सकाळी निघून रात्री घरी येता येते. कागदावर दोनापेक्षा तीन बरे दिसतात म्हणून मी ते कोंबले होते. पुढे एका रविवारी जाऊन आलो. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर जनावरांना खालून जाता यावे म्हणून रस्ता उचलून नऊ ठिकाणी पूल केले आहेत. त्यातला सर्वांत लांब साडेसातशे मीटरचा आहे. २०१९ साली तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत पुलाखालून जाणारे वाघही टिपले गेले. गाडी वरून, वाघ खालून! मुलाला हे फार आवडले. पण असे पूल सगळ्या रस्त्यांवर नाहीत. म्हणून अंधार पडल्यावर जंगलातला रस्ता जनावरांचा आहे असे समजावे आणि आपण मुक्कामाला असावे.

ज्यांना असा प्रवास करायचा आहे त्यांच्यासाठी अनुभवाने कळलेल्या काही गोष्टी लिहितो.

आधी सफारीचे आरक्षण करावे आणि ते हाती आल्यावरच मुक्काम ठरवावा. आरक्षण विशिष्ट दाराचे असते. ताडोबाला मोहर्ली, कोलारा अशी अनेक दारे आहेत. एका दाराचे तिकीट काढून दुसऱ्या दाराजवळ खोली घेतली तर बाहेरून वळसा घालण्यात दोन-दोन तास जातात. प्रत्येक उद्यानाला आठवड्यातून सुटी असते. ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद असतो, आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबरही तो बंद राहतो. स्वतःची गाडी गाभ्यात नेता येत नाही. तेथील जिप्सी आणि गाईड घ्यावाच लागतो, तो खर्च धरून ठेवावा. प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ ठेवावे.

एका दिवशी दीडशे किलोमीटरच्या वर अंतर ठेवू नये. नकाशावर ते तीन तासांचे दिसते. लेकरांचे खाणे, म्हाताऱ्या माणसांचे उतरणे-चढणे धरले की पाच तास होतात. सूर्य मावळायच्या आधी मुक्कामी पोहोचायचे, हा नियम मोडू नये. शक्य असेल तर एका ठिकाणी दोन रात्री राहाव्यात, रोज सामान बांधण्याचा त्रास वाचतो.

खोली ठरवताना भाड्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. खोली तळमजल्यावर आहे का, संडास लागून आहे का आणि बसता येईल असा आहे का, सकाळी गरम पाणी मिळेल का, आणि ड्रायव्हर झोपेल कुठे? आगाऊ पैसे दिले तर पावती घ्यावी. वाटेत नातेवाईक असतील तर त्यांना आधी कळवून, शिधा सोबत घेऊन एक मुक्काम त्यांच्याकडे अवश्य करावा. खर्च वाचतो म्हणूनच नव्हे, ती माणसेही आपली वाट पाहत असतात.

कॅलेंडरचे ते पान मी जपून ठेवले आहे. त्यावर माझ्या अक्षरात तीन उद्यानांची नावे, अंतरे आणि भाडी आहेत. खाली मुलीने नंतर पेन्सिलीने एक ओळ वाढवली आहे: 'मामाआजोबांचे घर, एक रात्र.' भाड्याच्या रकान्यात तिने काहीच लिहिलेले नाही. येत्या उन्हाळ्यात आई पुन्हा जायचे म्हणते. या वेळी कागद तिच्या हाती देऊन, मुक्काम कुठे करायचा हे तिलाच विचारणार आहे.