दुधाचा हिशेब



मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे हिशेब लिहायची खोड अजून गेलेली नाही. आज एका हिशेबाचीच आठवण लिहितोय. पण आधी ती कशामुळे निघाली ते सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही इंदूर सोडून सिमरोलला घर बांधलं. खंडवा रोडपासून थोडं आत, मोकळी हवा, पुढे ओटला. मागच्या फेब्रुवारीत सौ. त्या ओटल्यावर कपडे वाळत घालत होती. वळली आणि बसल्यासारखी खाली आली. ना पाय घसरला, ना उंचावरून पडली. मी म्हटलं, "अगं, उठ की." ती म्हणाली, "अहो, पाय माझा वाटतच नाहीये." खुब्याचं हाड मोडलं होतं. गाडीत आडवं घालून इंदूरला नेलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, "काकू, याआधी कधी हाड मोडलं होतं?"

मोडलं होतं ना. नऊ वर्षांपूर्वी, लोकमान्य नगरला असताना. अशीच चालता चालता पडली होती, मनगट गेलं. सहा आठवडे प्लास्टर, मग काढलं, हात बरा झाला. आम्ही ते खातं बंद करून टाकलं. पुढे काही तपासायचं असतं हे आम्हांला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. डॉक्टर म्हणाले, पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडलं, तर तो इशारा समजायचा. त्याच वेळी हाडांची घनता मोजून घ्यायला हवी होती. डेक्सा म्हणून तपासणी असते, दुखत-खुपत काही नाही. त्यात टी-स्कोर येतो. उणे एकपर्यंत ठीक, उणे अडीच किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली म्हणायची. सौ.चा आला उणे ३.२.

दुसरा प्रश्न, "उंची कमी झाल्यासारखी वाटते का?" तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीन-चार वर्षं ती म्हणत होती की साडी नेसली की खाली लोळते, वरच्या फळीवरचा डबा हाताला लागत नाही. मी चेष्टा करायचो, "फळी वाढली का गं?" फळी कशाला वाढेल. पाठीचे मणके दबत चालले होते.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर एका दुपारी मी जुन्या डायऱ्या काढल्या. रामबागेत आमचं एकत्र कुटुंब होतं. दुधाची बंदी होती (तिकडे महाराष्ट्रात रतीब म्हणतात). रोज दोन लिटर. कोणत्या दिवशी किती आलं, कधी नागा झाला, महिनाअखेर किती दिले, पैशापर्यंत टॅली. पण ते दूध प्यायलं कोणी, हे एकाही पानावर नाही.

मग आठवून आठवून लिहून काढलं. वडिलांना रात्री पेला. आईला सकाळी. दोन्ही मुलांना दोनदा कप. धाकट्या भावाला तालमीत जायचा म्हणून जास्त. माझा चहा, पाहुण्यांचा चहा, विरजण. साय वेगळी, तिचं लोणी, लोण्याचं तूप, आणि तुपात कॅल्शियम जवळजवळ नसतंच. सौ.च्या वाट्याला सगळ्यांचं झाल्यावर उरलेला चहा, त्यात चमचाभर दूध. दोन बाळंतपणं झाली, दोन्ही मुलं अंगावर प्यायली, त्यांच्या हाडांसाठी जे लागलं ते तिच्यातून गेलं. भरणा मात्र चमच्याचा.

मी तिला हे वाचून दाखवलं. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "अहो, हिशेब तुम्ही ठेवायचा, वाटणी मी करायची. वाटणारी शेवटीच घेते, त्यात नवीन काय?" यावर काय बोलणार. मी डायरी मिटली.

आता जे शिकलो ते सांगतो, कामाला येईल. हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतच होते, पुढे आहे ते सांभाळायचं. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षं बायकांची हाडं फार वेगाने झिजतात. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. कपभर दुधात किंवा दह्यात दोनशे-अडीचशे मिळतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, तेवढ्याच तिळात हजाराच्या वर. आपण मात्र तीळ संक्रांतीपुरते आठवतो.

दुसरं, ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. सौ.चं फार कमी निघालं. माळव्यात उन्हाचा काय तोटा? पण ती दिवसभर स्वयंपाकघरात, आणि काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच असते. आमच्या एका परिचितांनी ती रोज घेतली, रक्तातलं कॅल्शियम वाढून दवाखान्यात भरती व्हावं लागलं. कॅल्शियमची साधी कार्बोनेटवाली गोळी जेवणाबरोबर घ्यायची, लोहाची किंवा थायरॉईडची असेल तर वेळ वेगळी ठेवायची. आणि नुसत्या कॅल्शियमने ठिसूळ झालेलं हाड सुधारत नाही, त्याचं औषध वेगळं असतं. ते डॉक्टरांना विचारूनच.

आता सौ. काठी घेऊन फाटकापर्यंत जाते. दूध तिला आवडत नाही (हेही मला इतक्या वर्षांनी कळलं!), म्हणून दही आणि तिळाची चटणी. नाचणी पुण्याहून मेव्हणी पाठवते. न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या, पायपुसणी काढून टाकली. दहा-साडेदहाला आम्ही दोघं ओटल्यावर उन्हात बसतो. विरजण मीच लावतो, आणि पहिली वाटी तिला देतो. ती अजून म्हणते, "आधी मुलांना द्या." मुलं पन्नाशीला आलीत.

परवा सूनबाईंचा चहा पाहिला. काळा. डाएट म्हणे. मी काही बोललो नाही, दह्याची वाटी पुढे सरकवली.

तुमच्याकडेही एकदा बघा, दूध किती येतं ते नाही, कोणाच्या पेल्यात जातं ते. आणि घरात कोणाची साडी लोळायला लागली असेल, तर चेष्टा करू नका, तपासणी करून घ्या.