बर्फ कुठं धरलाय?

जानेवारीत एका पहाटे निफाडजवळच्या एका द्राक्ष बागायतदारांचा फोन आला. घरावर हीट पंप बसवून त्यांना दोन वर्षं झाली होती. "भाऊ, गच्चीवरचं मशीन पार पांढरं पडलंय. अंघोळीला कोमटसुद्धा पाणी येईना. येताना गॅसची टाकी घेऊनच या." मी विचारलं, "बर्फ कुठं धरलाय? खाली, वर, का सगळीकडं सारखा?" ते जरा गप्प झाले. बर्फ तो बर्फ, त्यात वरचं-खालचं काय पाहायचं, असं वाटलं असणार. म्हटलं, "वर जाऊन बघा आणि सांगा. मी गाडी काढतोय."

हा प्रश्न विचारायची सवय मला वस्तादांनी लावली. मी कामाला लागलो ते पिंपळगावच्या बाजूला, द्राक्षांच्या प्रीकूलिंगमध्ये. बागेतून आलेला माल काही तासांत गार करायचा आणि मग शून्याच्या आसपास कोल्ड स्टोरेजला ठेवायचा. खोलीतल्या हवेत ओल राखावी लागते, नाहीतर देठ सुकतो आणि घडाचा तजेला जातो. आता जिथं ओल आहे आणि कॉइल शून्याच्या खाली आहे, तिथं बर्फ येणारच. त्यामुळं आमचा निम्मा दिवस बर्फाशीच जायचा. वस्ताद आले की दाबाच्या गेजला हात लावायच्या आधी बॅटरी घेऊन कॉइलसमोर उभे राहायचे. पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत उजेड फिरवायचे. मी पाण्याचा पाइप घेऊन घाईनं पुढं झालो की ओरडायचे, "थांब! आधी वाचू तरी दे." ते वाचायचे तो हा बर्फ.

बर्फ वाचायचा म्हणजे काय, ते समजायला थोडं आतलं काम माहीत हवं. इंजेक्शनच्या आधी नर्सबाई दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवतात तेव्हा गार लागतं. स्पिरिट उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं. कॉइलमध्ये गॅस हेच करतो. तो द्रवरूपात आत येतो, उकळतो आणि आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतो. किती थंड उकळायचं हे ठरतं दाबावर. दाब उतरला की तो आणखी थंड उकळतो. आर-२२ गॅसच्या जुन्या एसीत गेजचा काटा ६८ पीएसआयच्या आसपास असेल तर कॉइल चार-पाच अंशांवर असते. तोच काटा ५८च्या खाली गेला की कॉइल शून्याच्या खाली गेली. एरवी कॉइलवर नुसतं दव जमतं आणि ड्रेनच्या नळीतून निघून जातं. शून्याखाली गेल्यावर तेच दव जागेवर गोठतं.

म्हणून गॅस कमी झाला की बर्फ येतो. हे गिऱ्हाइकाला पटवणं फार जड जातं. बर्फ धरलाय म्हणजे थंडावा जास्त झालाय, गॅस जास्त झालाय, असंच कोणालाही वाटेल. पण कमी गॅस म्हणजे कमी दाब, आणि कमी दाब म्हणजे जास्त थंड कॉइल. मात्र असा बर्फ सगळीकडं नसतो. थोडका गॅस कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून संपतो, त्यामुळं सुरुवातीच्या दोन-तीन नळ्या पांढऱ्या आणि पुढची कॉइल कोरडी, कोमट. स्प्लिट एसीत बाहेरच्या युनिटवरच्या बारीक लाइनचा नट पांढरा झालेला दिसतो. ते दिसलं की लीक शोधायचं.

दुसरा बर्फ हवेच्या उपासमारीचा. फिल्टर धुळीनं बुजलाय, ब्लोअरच्या पात्यांवर मळाचे थर बसलेत किंवा एसीसमोर पडदा आलाय. गॅस पुरेसा आहे, पण त्याला उकळायला लागणारी उष्णता हवा आणून देत नाही. मग पूर्ण कॉइलच थंड पडत जाते. बर्फ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखा पसरतो आणि जाड लाइनवरून थेट कॉम्प्रेसरपर्यंत पोहोचतो. शिवाय ताजा बर्फ कापसासारखा असतो, त्यात हवा कोंडलेली असते, त्यामुळं तो कॉइलवर गोधडी घातल्यासारखा बसतो. कॉइलच्या फिन्समधल्या, म्हणजे पातळ पत्र्यांमधल्या, फटी जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या. त्या बुजल्या की हवा आणखी कमी, कॉइल आणखी थंड, बर्फ आणखी जाड. रात्री अकराला सुरू झालेलं हे पहाटेपर्यंत भिंतीएवढं होतं.

मी स्वतंत्र कामं घ्यायला लागलो त्या पहिल्याच उन्हाळ्यात नाशिकरोडला एका घरी असाच एसी होता. म्हातारं जोडपं. मी बर्फ पाहिला, तो वितळेपर्यंत थांबलो, आणि ब्लोअर उघडून न पाहता गॅस भरला. काटा वर आला, हवा गार लागली, पैसे घेतले. चौथ्या दिवशी कॉम्प्रेसर गेला. ब्लोअर मळानं भरला होता. गॅस आधीच पुरेसा होता, मी वर आणखी घातला. न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये परत गेला. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. आतल्या पट्ट्या तुटल्या. मी माझ्या खर्चानं दुसरा कॉम्प्रेसर बसवून दिला. आजी एवढंच म्हणाल्या, "तुम्ही तरी काय करणार, मशीनच ते." मला मात्र ठाऊक होतं मी काय करायला हवं होतं.

निफाडला पोहोचलो तेव्हा साडेसात झाले होते. बागेत रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर अजून जमिनीलगत होता. थंडीत राज्यातला सर्वांत कमी पारा पुष्कळदा निफाडचा असतो, आणि तिथले शेतकरी मणी तडकू नयेत म्हणून रात्री जागतात. त्याच काळजीनं मालकांनी गच्चीवरच्या यंत्रालाही ताडपत्री बांधली होती. तीन बाजूंनी आणि वरून. थंडी लागू नये म्हणून.

हीट पंप म्हणजे उलट्या दिशेनं चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढायची आणि टाकीतल्या पाण्याला द्यायची. सात अंशांच्या हवेतही उष्णता असते, पण ती घ्यायला कॉइल हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी थंड असावी लागते. म्हणजे शून्याच्या खालीच. पंख्यानं बाहेर फेकलेली गार हवा ताडपत्रीला आपटून पुन्हा कॉइलच्या मागं येत होती. मी थर्मामीटर कठड्यावर धरला : सात. ताडपत्रीच्या आत, कॉइलच्या पाठीशी धरला : एक. आपल्याच उच्छ्वासात ते यंत्र गुदमरलं होतं.

बर्फ पहिल्या नळीपासून शेवटच्या नळीपर्यंत सारखा होता. वरचा थर भुसभुशीत, आतला काचेसारखा कडक. गॅसची टाकी मी गाडीतच ठेवली.

आधी एमसीबी पाडला. ताडपत्री सोडली. मालक पेचकस घेऊन पुढं आले, त्यांना थांबवलं. घरोघरच्या जुन्या फ्रिजमध्ये सुरीनं बर्फ फोडताना भोक पडून फ्रीजर कायमचा गेलेला मी किती वेळा पाहिलाय! कॉइलची नळी तितकीच नाजूक. बोअरचं पाणी लावायला सांगितलं. थंडीत जमिनीतलं पाणी अंगाला कोमट लागतं, आणि बर्फाला तेवढं पुरतं. उकळतं पाणी नको. वरून हळू धार सोडली तशी फिन्सवरून बर्फाची पापुद्र्यासारखी पत्री सुटून खाली सरकली. वीस मिनिटांत कॉइल मोकळी झाली. आणि मग दुसरा दोष दिसला. कॉइलच्या नळीला क्लिपनं बसवलेला सेन्सर निसटून दोन बोटं लांब लोंबत होता. बर्फ साचला हे यंत्राच्या कंट्रोल बोर्डला कळवण्याचं काम त्याचं. तो कॉइलचं तापमान न सांगता हवेचं सांगत होता, म्हणून बोर्डनं बर्फ काढायचा प्रयत्नच केला नव्हता. सेन्सर जागेवर बसवला, वर इन्सुलेशन गुंडाळलं, यंत्र सुरू केलं.

चहा झाला. पाऊण तासानं पंखा अचानक थांबला, फुस्स आवाज आला आणि कॉइलमधून वाफ वर आली. मालक खुर्चीतून उठले, "धूर!" मी म्हटलं, "बसा. ते स्वतःचा बर्फ काढतंय." फोर-वे व्हॉल्व्ह उलटतो, टाकीतली थोडी उष्णता परत घेऊन गरम गॅस कॉइलमध्ये फिरतो. पाच-सहा मिनिटं पाणी टपटपलं, पंखा पुन्हा फिरायला लागला. मी ही गोष्ट प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो : पातळ, सारखा, येऊन जाणारा बर्फ हा दोष नाही. तो तासन्‌तास तसाच राहिला, जाड झाला किंवा फक्त तळाशी साचू लागला, तर बघायचं. तळाचा असेल तर बहुधा ड्रेनचं भोक पानांनी बुजलेलं असतं. युरोपात वितळलेलं पाणी खाली पडताच पुन्हा गोठतं, म्हणून तिथं यंत्र जमिनीपासून वीतभर तरी उंच बसवतात. आपल्याकडं ती वेळ येत नाही, पण मोकळी हवा आणि मोकळा ड्रेन आपल्यालाही लागतोच.

एसी असो वा हीट पंप, माझ्या धंद्यातल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला. नायट्रोजन भरा, साबणाचा फेस लावा, लीक सापडल्याशिवाय टाकी उघडू नका.

आणि घरच्यांना एवढंच. एसीला बर्फ धरला तर कूलिंग बंद करून नुसत्या फॅनवर दोन-तीन तास चालू द्या, खाली बादली ठेवा. फिल्टर काढून नळाखाली धुवा, वाळवून बसवा. डिसेंबरच्या गार रात्री अठरावर एसी लावून झोपू नका. बाहेर थंडी असली की आतला दाब आधीच उतरलेला असतो. तरीही पुन्हा बर्फ आला, तर मेकॅनिकला फोन करा. पण मशीन बंद करण्याआधी मोबाइलवर त्या बर्फाचे दोन फोटो काढून ठेवा, एक कॉइलचा आणि एक बाहेरच्या पाइपांचा. आम्ही येईपर्यंत बर्फ वितळलेला असतो.